मावशीची बडबड

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी तो जेवणाच्या ताटावरसुद्धा कधी एका जागी बसला नाही. त्याच भिंगरीने गेल्या हिवाळ्यात भिंतीकडे तोंड करून अंग टाकलं, आणि मग काही केल्या तो उठेचना.

कारण डोळे. त्याची नजर कडांकडून आत आत आटत गेली. आधी शेजारी ठेवलेला कप दिसेना, मग दारातून आलेलं माणूस, मग पायरी. तो सायकलच्या दुकानात मेकॅनिक होता. बरेच दिवस त्याने हाताच्या अंदाजाने काम रेटलं. शेवटी एका गिऱ्हाइकाचा ब्रेक उलटा बसवला, तेव्हा मालक गोड आवाजात म्हणाले, "आता जरा विश्रांती घे." गोड आवाजात काढलेलं माणूस जास्त खचतं, असं माझं मत आहे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तर काहीच आडपडदा ठेवला नाही. उजेड-अंधार कळतोय तेवढा कळतोय, तोही पुढे जाईल, म्हणाल्या. परत येताना बसमध्ये मी त्यांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. त्यांचा काही दोष नव्हता, पण कुणाला तरी घालायला हव्याच होत्या.

घरात आम्ही दोघंच. माझं लग्न मोडलं, त्याने केलंच नाही. सायकल होती ना! पुढच्या खोलीत माझं पडदे शिवायचं मशीन, कापडाचे गठ्ठे, रिंगांचे डबे. मागची खोली त्याची. मशीन थांबलं की मागून काहीतरी हालचाल ऐकू येते का म्हणून मी कान द्यायची. कूस बदलल्याचा आवाज आला तरी जिवात जीव येई.

त्याची सायकल म्हणजे गुळगुळीत रस्त्यावरून सुसाट जायची नव्हे. जाड टायरची सायकल घ्यायची आणि खडी, मुरूम, माती, नदीचा बंधारा, जंगलातली वाट, असं जिथे शहाणा माणूस पायीसुद्धा जाणार नाही तिथून दिवसभर भटकायचं. याला हे लोक ग्रॅव्हल म्हणतात, आणि त्यासाठी कुठून कुठून येतात. प्रत्येक सुट्टीला भिंगरी नवीन वाट शोधायचा आणि मोबाइलमधल्या नकाशावर आखून ठेवायचा. ती रेघ धरून बाकीचे जायचे. जाऊन आलेला प्रत्येक जण वाटेच्या त्या त्या तुकड्यावर ठिपका द्यायचा. हिरवा म्हणजे सपाट, पिवळा म्हणजे बरा, आणि लाल म्हणजे हाडं खिळखिळी करणारा. गंमत अशी की या मंडळींना हवा असायचा तो लालच. हिरव्या रस्त्याकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही.

"अरे, मग खाली लिही ना, लाल म्हणजे चांगला म्हणून," मी एकदा म्हटलं होतं. "नवख्या माणसाला वाटेल, रस्ता वाईट आहे."

"ताई, ज्याला कळायचं त्याला कळतं," तो हसून म्हणाला होता.

त्याचा सगळ्यात लाडका रस्ता नदीकाठचा. त्यातल्या प्रत्येक तुकड्याला त्याने नाव दिलं होतं. बंधाऱ्यावरची दडपलेली माती म्हणजे 'रेशीम'. लाकडी पूल म्हणजे 'बाजाची पेटी', कारण प्रत्येक फळी वेगळ्या सुरात वाजायची. पुलापलीकडे जंगल लागलं की सुट्या बारीक खडीचा लांबलचक पट्टा, तो 'मावशीची बडबड'. आणि त्यानंतर मोठाल्या गोट्यांची 'दातखीळ', थेट नदीच्या वळणापर्यंत. आमची मावशी एकदा सुरू झाली की दिवे लागेपर्यंत थांबायची नाही. आई गेल्यावर तिनेच आम्हाला वाढवलं. ती गेली त्या वर्षी भिंगरीने त्या खडीला हे नाव दिलं. आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या मागे लागायचा, "माझ्या मावशीला लाल ठिपका द्या रे, विसरू नका." लोकही देत. मोबाइल उघडला की त्या पट्ट्यावर गोवर उठल्यासारखं लालच लाल दिसायचं.

तर अशा माणसाला भिंतीकडे तोंड करून पडलेलं बघायचं. मी गोड बोलून पाहिलं, ओरडून पाहिलं, एकदा तर पांघरूण ओढून काढलं. शेवटी हात टेकले. मग एक दिवस त्याच्या दुकानातला जोडीदार आला. सडसडीत अंग आणि मोठं डोकं, म्हणून सगळे त्याला पाना म्हणतात. सोबत दोघांनी चालवायची सायकल घेऊन आला होता. टँडम म्हणतात तिला. दोन सीट, दोन हँडल, एक मागे एक.

"मागे भिंगरी बसेल," पाना म्हणाला. "मागच्याला डोळे लागत नाहीत."

"आणि पुढे?"

तो माझ्याकडे बघत राहिला.

"मी? मला मंडईपर्यंत सायकल नेताना घाम फुटतो! गुडघे बघ माझे."

"मी नेलं असतं, ताई, पण तो माझ्याबरोबर यायचा नाही. दुकानातल्या कुणासमोर त्याला असं बसायचं नाहीये. तुमच्याबरोबर येईल."

मागच्या खोलीतून आवाज आला, "नदीच्या रस्त्याने जाणार असाल तर येतो." कितीतरी दिवसांनी तो एवढं लांब वाक्य बोलला होता. मी पदर खोचला.

बाजाराच्या रिकाम्या आवारात आम्ही सराव केला. पान्याने नियम घालून दिला: पुढचा बोलणार, मागचा रेटणार. खड्डा, वळण, थांबा, सगळं मी आधी ओरडून सांगायचं. दोघांचे पेडल एकाच साखळीने जोडलेले. माझे पाय थांबले की त्याचे थांबणार, माझे फिरले की त्याचेही फिरणार. जोर लावायचा की नाही एवढंच काय ते ज्याच्या त्याच्या हातात. आणि मागचा जोर लावतोय की नाही ते पुढच्याला मांड्यांमध्ये बरोबर कळतं. पहिल्या दिवशी आम्ही दोनदा धडपडलो. माझं कोपर सोलवटलं, मी सायकलच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि भिंगरी जमिनीवर पडल्या पडल्या खो खो हसला. त्या हसण्यासाठी मी दुसरं कोपरही सोलून घेतलं असतं.

हळूहळू तो सकाळी स्वतःहून उठायला लागला. दाढी करायला लागला. एका संध्याकाळी मी पडदा शिवत असताना तो स्टुलावर येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, डोळ्यांचं काय व्हायचं ते होऊ दे. मला आता भीती नाही वाटत."

"बरं वाटलं ऐकून."

"तो रस्ता मला चाकावरून पाठ आहे. कुठे खडी बारीक होते, कुठे मोठी, कुठे पानं पडून आवाज बसतो. तू पट्टी बांधून ने मला, मी सांगेन आपण कुठे आहोत ते. दिसत नाही म्हणून माझ्या हातून दुकान गेलं, वाचन गेलं. पण रस्ता नाही जाणार. तेवढा एक पुरे मला."

मी मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं. तेवढा एक पुरे. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण माणसाने सगळा जीव एकाच खुंटीला टांगला की बघणाऱ्याला धास्तीच वाटते.

आम्ही निघालो ती सकाळ स्वच्छ होती. थर्मासमध्ये चहा, डब्यात उकडलेली अंडी. पाना पंप हाउसपर्यंत सोडायला आला, टायर दाबून बघितले, आणि माझ्या कानाशी म्हणाला, "मीही वर्षभर तिकडे गेलेलो नाही. त्याच्याशिवाय जावंसं वाटलं नाही." मग आम्ही बंधाऱ्यावर चढलो.

"रेशीम," मागून आवाज आला.

चाकाखाली खरोखरच कापड सरकावं तसा आवाज होता. डाव्या हाताला नदी, संथ, काठावर बगळे. मी सांगायला लागले, "डावीकडे पाण्यात एक..."

"सांगू नकोस. बगळा असेल. आता उजवीकडे झाड संपेल आणि वारा लागेल."

झाड संपलं, वारा लागला.

"आता थोडा चढ, मग मोरी. मोरीवर दोन धक्के बसतील, एक मोठा, एक छोटा."

बसले. मोठ्याने माझी कंबर उचकटली आणि छोट्याने परत बसवली. तो मागे मुलासारखा हसत होता. त्याचा रेटा इतका जोरदार होता की माझ्या पायांना काही कामच उरलं नाही. मी नुसती हँडल धरून बसलेली राणी. बाजाची पेटी आली तेव्हा तो म्हणाला, "सावकाश घे, ऐकू दे." मग प्रत्येक फळीबरोबर तो मान हलवत होता, ते मला सायकलच्या डुलण्यावरून कळत होतं. "चौथ्या सुराची फळी बदललीय कुणीतरी," तो म्हणाला. मी खाली पाहिलं. एक फळी खरंच नवी होती.

मला तेव्हा वाटलं, जमलं. हा माणूस वाचला. घरी गेल्यावर डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगावं असंही माझ्या मनात आलं.

पूल संपला. समोर जंगलाचं तोंड दिसायला लागलं.

"आता गप्प बस हं," तो म्हणाला. "आता मावशी बोलणार."

आणि मला ते दिसलं. झाडांच्या मधून काळाभोर, नवाकोरा, चकचकीत डांबरी रस्ता सरळ आत गेला होता. दोन्ही कडांना पांढरे पट्टे. खडीचा मागमूस नाही. वाऱ्यावर डांबराचा वास येत होता.

सांगायला हवं होतं. पुढचा बोलणार, हाच तर नियम. पण मी काय केलं तर सायकल डांबराच्या कडेला घेतली. तिथे उकरून टाकलेल्या जुन्या खडीचा हातभर पट्टा उरला होता. त्यावर चाक घातलं. खडखड सुरू झाली.

"मावशी!" तो ओरडला. एवढ्या मोठ्याने, की झाडावरची पाखरं उडाली.

मी रडत होते, पण त्या खडखडीत त्याला ते ऐकू गेलं नाही. दोन-चार झाडं गेली असतील, खडीत मातीची ढेकळं आली, चाक घसरलं, मी सावरलं, परत घसरलं. त्याच्या पायांतला जोर कमी झाल्यासारखा वाटला.

"ताई, कडेने का चालवतेस?"

"मध्ये खड्डे आहेत."

"मावशीत खड्डे नसतात." मग म्हणाला, "वास कसला येतोय?"

"कसला? मला नाही येत."

"ताई, मध्ये घे."

"भिंगरी, अरे..."

"मध्ये घे म्हणतो ना!"

मी सायकल मध्ये घेतली. आवाज बंद झाला. एकदम. टायर डांबरावरून जातानाची बारीक सुरसुर तेवढी, जी कुठल्याही गावातल्या कुठल्याही रस्त्यावर येते. तो मान इकडून तिकडे वळवत असावा, कारण सायकल डुगडुगत होती. "आपण कुठे आहोत?" त्याने विचारलं. बंधाऱ्यावर मला बगळेसुद्धा सांगू न देणारा माझा भाऊ मला विचारत होता, आपण कुठे आहोत.

उत्तर द्यायची वेळच आली नाही. वळणावर रोलर उभा होता, डांबराची पिंपं होती, आणि पांढरं हेल्मेट घातलेली एक तरुण बाई हात वर करून पुढे येत होती. रस्तेखात्याची इंजिनिअर.

"थांबा, थांबा! पुढे अजून ओलं आहे, चाकं चिकटतील." मग आमची सायकल बघून तिचा चेहरा खुलला. "अरे वा, सायकलवाले! मग तुम्हाला तर खास आवडेल. कसा झालाय रस्ता?"

भिंगरी उतरून सायकलला धरून उभा राहिला.

"तुम्हाला सांगते," ती उत्साहाने म्हणाली, "दर वर्षी आमच्याकडे भांडणं, कुठला रस्ता आधी घ्यायचा म्हणून. जो जास्त ओरडेल त्याचा रस्ता व्हायचा. या वेळी मी म्हटलं, हे बंद. तुम्हा सायकलवाल्यांचा तो ठिपक्यांचा नकाशा आहे ना, तोच मोठा करून ऑफिसच्या भिंतीवर लावला. जिथे लाल जास्त, ते काम आधी. आणि इथे बघितलं तर काय, नुसतं लालेलाल! अहो, इतकी वर्षं इतके लोक तक्रार करतायत आणि आम्हाला पत्ताच नाही. साहेबांनासुद्धा लाज वाटली. एका बैठकीत मंजूर झालं."

मी भिंगरीकडे पाहिलं. त्याचा चेहरा तिच्या आवाजाच्या दिशेने वळलेला होता आणि ओठ थोडेसे उघडे होते. मी तोंड उघडलं. त्या पोरीला मी काय काय बोलणार होते देव जाणे. एका दमात तिच्या हेल्मेटपासून रोलरपर्यंत सगळं काढणार होते. पण भिंगरीने चाचपत माझं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं.

"तो नकाशा ज्यांनी सुरू केला त्यांना शोधतोय आम्ही," ती म्हणाली. "त्यांचे आभार मानायचेत. तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"नाही," भिंगरी म्हणाला.

"बरं. पण झालाय ना छान?"

"छान झालाय," तो म्हणाला. "एकदम गुळगुळीत."

"हो ना? पुढे ते मोठे गोटे होते, तेही काढले सगळे, थेट नदीच्या वळणापर्यंत. पुढच्या वर्षी बंधारा घेतोय. आणि तो लाकडी पूल पाडून सिमेंटचा. तिथेही बराच लाल आहे."

तो मान डोलावत होता. कुणी चांगली बातमी सांगावी तसा. ती गेली, रोलर सुरू झाला, आणि त्याच्या घरघरीत नदीचा आवाजही ऐकू येईनासा झाला. आम्ही मागे एका झाडाखाली बसलो. मी थर्मास उघडला. त्याने चहा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"बोलू का दिलं नाहीस मला?" मी विचारलं. राग कुणावर काढायचा ते न कळल्याने त्याच्यावरच निघत होता. "सांगायचं ना तिला, की बाई गं, हे तुला कुणी सांगितलं होतं!"

"मीच सांगितलं होतं, ताई."

"तू लाल म्हणजे चांगला म्हणून दिलेस."

"तिला काय माहीत? तिने मन लावून केलंय." त्याने कप हातातल्या हातात फिरवला. "तू म्हणाली होतीस, खाली लिही म्हणून."

"मी सतरा गोष्टी म्हणते."

"माझ्या मावशीला लाल ठिपका द्या रे," तो आपल्याच जुन्या आवाजाची नक्कल करत म्हणाला, "विसरू नका." आणि हसला. असं हसणं मी पुन्हा कुणाचं ऐकू नये.

मी त्याला म्हटलं, दुसरे रस्ते आहेत. पाना शोधून देईल. आपण नवा पाठ करू, नवी नावं ठेवू. मी काहीबाही बोलत सुटले, मावशीसारखी. तो म्हणाला, "जे डोळ्यांनी बघितलं होतं तेच चाकावरून कळत होतं, ताई. नवीन आता कुठून बघू?" मी अंडं सोलत बसले. ते कुणीच खाल्लं नाही.

परत निघालो. त्याला सीटवर बसवलं, त्याचे पाय पेडलवर ठेवले, मी पुढे बसले. डांबर संपून पुलाशी आलो तेव्हा मी ओरडले, "आली बाजाची पेटी!" मागून काही नाही. फळ्या आपापल्या सुरात वाजल्या, नवी फळीसुद्धा, आणि मागे सीट जराही डुलली नाही. मोरीचे दोन धक्के आले, आता आधी छोटा, मग मोठा. "रेशीम आलं रे," मी म्हटलं. "वारा लागतोय का? बगळे अजून आहेत तिथेच."

बंधाऱ्यावर मला धाप लागली. मांड्या भरून आल्या, गुडघे ठणकायला लागले. सकाळी याच वाटेवर मला चढसुद्धा कळला नव्हता. मी मान वळवून खाली पाहिलं. त्याचे पाय नीट, एका लयीत गोल फिरत होते. माझे फिरत होते म्हणून.